बसा की! वाचनालयाचा खालचा हॉल पुन्हा उघडण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की सांगलीतला माणूस अनोळखी माणसाशीही बोलतो. रिक्षात, दुकानात, एटीएमच्या रांगेत "किती झालं?" एवढं पुरतं, काय किती, हे कोणी विचारत नाही. पाणी उतरलं की बोलणंही उतरतं. २०१९च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या एक आजी शाळेतल्या छावणीत होत्या. नंतर त्यांच्या घरातला चिखल काढायला गेलेल्या पोरांना त्या म्हणाल्या, "शाळेत हाल झाले, पण बोलायला माणसं होती." मुलं पुण्यात आणि बेंगळुरूत, चांगली आहेत, रोज फोन करतात. आम्ही ते बोलणं हसण्यावारी नेलं. आता ते टोचतंय, आणि त्याला कारण आमचाच एक निर्णय आहे.

पुरानंतर पुस्तकं वाचवायची म्हणून आम्ही सगळं वाचनालय वरच्या मजल्यावर नेलं. कपाटं गेली, वर्तमानपत्रांची तिरकी टेबलं गेली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा गेलं. निर्णय चुकला असं म्हणवत नाही. २०२१ला पुन्हा पाणी आलं तेव्हा एकही पुस्तक भिजलं नाही. पण जिन्याला २४ पायऱ्या आहेत, आणि आमच्या जुन्या वाचकांच्या गुडघ्यांचा विचार बैठकीत कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. एक काका बरेच दिवस जिन्याखाली येऊन उभे राहायचे. शिपाई त्यांना पेपर आणून द्यायचा. एकदा त्यांनी तो न उघडताच परत केला. म्हणाले, "पेपर घरी येतो रे. वर कोण कोण आलंय तेवढं सांग." त्यानंतर ते यायचे थांबले. खालच्या हॉलला कुलूप आहे. आत मंडपाचे बांबू, मोडक्या खुर्च्या आणि भिंतीवर पुराची रेघ.

गावभागात पूर्वी टेकायला जागा शोधावी लागत नव्हती. वाड्यांना ओटे होते. वाड्यांची अपार्टमेंटं झाली आणि ओट्यांच्या जागी पार्किंग आलं. दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत शटर आली. काही कट्ट्यांवर कोणी बसू नये म्हणून टोकदार सळ्या बसवल्यात. चहाचे गाडे वाढले, पण तिथला चहा उभ्यानं प्यायचा. हॉटेलात बसता येतं, कप रिकामा होईपर्यंत. बागेतल्या बाकाला पाठ नसते, डोक्यावर सावली नसते. नदीकाठ आहे, पण घाट उतरायला पुन्हा गुडघेच लागतात, आणि पावसाळ्यात घाट नदीचाच असतो. राहता राहिलं देऊळ. ज्याला देव नको आणि माणसं हवीत, त्यानं जायचं कुठं?

जुन्या कट्ट्यांचे गोडवे मात्र आम्ही गाणार नाही. सगळ्या ओट्यांवर सगळ्यांना बसू देत नव्हते, जात आधी बघितली जायची, आणि बाई तर कट्ट्यावर कधी दिसलीच नाही. बायकांचं बोलणं व्हायचं नळावर आणि गिरणीत, तेही कामाच्या रांगेत उभं राहून. घरोघरी नळ आला, बरंच झालं. पीठ पिशवीतून तयार येऊ लागलं, तेही सोयीचं. पण त्या दोन रांगांच्या जागी दुसरं काही आलं नाही. भिशी महिन्यातून एकदा, हळदीकुंकू संक्रांतीला, आणि त्यातही नवरा गेलेल्या बाईला बोलवावं की नाही यावर अजून कुजबुज होते. म्हणून या हॉलचा पहिला खर्च स्वच्छतागृहाचा आहे. ते नसेल तर बाई तासाभराच्या वर कुठं बसत नाही, हे कार्यकारिणीत आम्हा दोघींना सांगावं लागलं. पुरुष सभासद खुर्च्यांच्या रंगावर बोलत होते.

एकटेपणा म्हणजे म्हातारपण, असं आम्हीही धरून चाललो होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा अहवाल जून २०२५मध्ये आला. जगात दर ६ माणसांमागे १ जण एकटेपणानं ग्रासलेला, वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून जास्त मृत्यूंशी त्याचा संबंध, आणि सगळ्यात जास्त प्रमाण कुमारवयातल्या मुलामुलींत. हे वाचून आम्ही आमच्याच अभ्यासिकेत डोकावलो. स्पर्धा परीक्षेची पोरं, प्रत्येकाच्या तिन्ही बाजूंना प्लायवूडचा आडोसा. गावाकडून आलेली, कॉटबेसिसवर राहणारी. दिवसभरात कोणाशी शब्द नाही, पण जिना उतरताना पाच-पाच मिनिटं पायरीवर रेंगाळतात. त्यांनाही खाली टेकू दे की.

हॉल सहाशे चौरस फुटांचा आहे. नदी पुन्हा येणार हे धरूनच सगळं ठरवलंय. फर्निचर करून घ्यायचं नाही. एकात एक बसणाऱ्या, हात असलेल्या चाळीस खुर्च्या घ्यायच्या, म्हणजे पाण्याची सूचना आली की चार पोरं तासाभरात त्या वर नेतील. (हात असलेल्याच हव्यात, उठताना धरायला काही नसेल तर म्हातारं माणूस बसतच नाही.) मीटर आणि बोर्ड जिन्याच्या वळणावर, रेघेच्या वर. ओसरीत पाठ असलेले तीन सिमेंटचे बाक. दारातल्या दोन पायऱ्यांना उतार आणि कठडा. माठ, पंखे, दोन कॅरम, आणि चहाची किटली. शेजारी डबा, पैसे टाकले न टाकले, कोणी बघणार नाही.

खर्चाचा अंदाज असा: स्वच्छतागृह १ लाख ६० हजार, उतार आणि कठडा ३५ हजार, खुर्च्या आणि बाक ६० हजार, वीज, पंखे, रंग आणि किरकोळ ४५ हजार. एकूण ३ लाख रुपये. सभासदांकडून ८२ हजार जमलेत. शासनाचं अनुदान पगार आणि पुस्तकांतच संपतं, आणि नुसतं बसण्यासाठी त्यात खर्चाचं शीर्षक नाही. उरलेल्या २ लाख १८ हजारांसाठी हा हात पुढे केला आहे.

टीव्ही बसवा अशी सूचना आली, ती नाकारली. दर शनिवारी व्याख्यान ठेवा, तीही नाकारली. व्याख्यानाला लोक येतात, ऐकतात आणि चप्पल शोधत निघून जातात. समुपदेशक नेमा, ही सूचना मात्र मनात राहिली आहे. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरात दवाखान्याबाहेरच्या बाकांवर आज्यांनाच शिकवून बसवलं, आणि लोक त्यांच्यापाशी येऊन मन मोकळं करू लागले. तेवढं आपल्याला जमेल तेव्हा जमेल. आधी बाक तरी होऊ दे.

देणगी वाचनालयाच्या काउंटरवर संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत द्यावी, पावती लगेच मिळेल. ५० रुपयांचीही पावती फाडू. आयकरातली सवलत आपल्याकडे नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. खुर्चीच्या पाठीवर कोणाचं नाव लिहिणार नाही. दुसऱ्याच्या नावाला टेकून माणूस अवघडून बसतो. दारात एक फलक लागेल, त्यावर सगळी नावं, रकमेशिवाय. वस्तूही चालतील, फक्त आणण्याआधी विचारा. गेल्या वेळी सात भिंतीवरची घड्याळं जमली होती.

पैशाइतकीच माणसंही हवीत. सात वारांना सात जण, दुपारी ४ ते ८. काम एवढंच की कुलूप काढायचं, पंखा लावायचा, येईल त्याला "बसा की" म्हणायचं, आणि का आलात हे विचारायचं नाही. बायकांनी निदान तीन वार घ्यावेत.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता हॉल रिकामा करायला सुरुवात करतोय. बांबू उचलायला दहा जण तरी लागतील. चहा आणि भडंग वाचनालयाकडून. जिन्याखालच्या काकांनाही निरोप धाडलाय. त्यांनी बांबू उचलायचे नाहीत, ओसरीत बसून कोण कोण आलंय ते वहीत लिहायचं आहे.

आपली,
कार्यकारिणी, सार्वजनिक वाचनालय
गावभाग, सांगली