खोडलेले आठ

कराड,
कार्तिकी एकादशी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू भाऊबीजेच्या संध्याकाळी साडेपाचच्या स्वारगेट गाडीने गेलीस, त्याला आज नऊ दिवस झाले. फोन रोज होतो, पण "जेवलीस का" आणि "हो" याच्या पुढे आपल्या दोघांचं काही जात नाही, मग फोन आईकडे जातो. म्हणून लिहायला बसलो. आई विठ्ठलाच्या देवळात गेली आहे. साबुदाण्याची खिचडी झाकून ठेवली आहे, ती गार होईल तोवर लिहून होईल असं वाटतं.

आधी त्या दिवशीचं. तुझी बॅग उघडी होती, मी त्यातली एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेची पुस्तकं मोजली आणि नितीनच्या समोर म्हणालो की या आठ गाईडांची रद्दी किती किलो भरेल. हे मी बोलायला नको होतं. ती पुस्तकं तू तुझ्या पगारातून घेतलीस. नोकरी सोडल्यापासून तू माझ्याकडे एक रुपया मागितलेला नाहीस. नितीन हसला ते तुला जास्त लागलं, हे मला दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं. माझं चुकलं. दादांची पुस्तकांची पेटी शेवटी रद्दीतच गेली, ते तुला माहीत आहे. ती पेटी मला आठवली आणि तोंडातून ते निघून गेलं. पण तू दादा नाहीस, हेही मला कळतं.

घाईत निघालीस आणि एक गाईड दिवाणावर राहिलं. ते निळ्या कव्हरचं. मी फोन केला तर म्हणालीस, राहू दे, त्या विषयाचं दुसरं आहे माझ्याकडे. मग ते तसंच तिथे पडून होतं. परवा रात्री झोप येईना म्हणून उघडलं. वॉटर रिसोर्सेसचा भाग निघाला, म्हटलं हे तर आपल्या पोटापाण्याचं. तीस वर्षं कालव्यावर काढली, बघू तरी काय विचारतात.

आणि तिथे तुझ्या पेन्सिलीचं गणित दिसलं. आयताकृती कालवा, रुंदी ४ मीटर, पाण्याची खोली २ मीटर, उतार २५०० ला १, मॅनिंगचा एन (कालव्याच्या खडबडीतपणाचा आकडा) ०.०२०, विसर्ग काढा. समासात तू व्यवस्थित मांडलं होतंस. क्षेत्रफळ ८. वेटेड पेरिमीटर, म्हणजे पाण्याने भिजलेली कड, तळाचे ४ आणि दोन्ही बाजूंचे २-२, म्हणजे ८. दोन्हींचा भागाकार हायड्रॉलिक रेडियस १. वेग सेकंदाला १ मीटर, विसर्ग ८ क्युमेक, म्हणजे सेकंदाला ८ घनमीटर. चार ओळींत काम झालं होतं, अक्षरही किती सुंदर. आणि मग त्या ८ वर तू आडवी रेघ मारली होतीस आणि खाली लिहिलं होतंस ६.१.

मी मागची उत्तरं बघितली. गाईडमध्ये ६.१ च छापलंय. त्यांनी पेरिमीटर १२ धरला आहे, पाण्याची वरची बाजूसुद्धा मोजली आहे. मनू, वर तर हवा असते. पाण्याला घासतो तो तळ आणि दोन्ही काठ. हे तुला माहीत होतं, तुझ्या चार ओळींत ते लिहिलेलं आहे. तरी तू खोडलंस.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही येत नाहीये. खरं तर हे पत्रात लिहायचं नाही असं ठरवलं होतं. माफी मागायची, तब्येतीचं विचारायचं आणि थांबायचं. पण ते ८ नजरेसमोरून हलत नाही.

आता गाईडांबद्दल बोलतोच. वाचून चिडलीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच. तो प्रश्न 'सरावासाठी' या भागातला आहे. म्हणजे तो गाईडवाल्यांनीच बनवला, उत्तरही त्यांनीच काढलं आणि तपासणारं कुणी नाही. गेटला खरोखर विचारलेल्या प्रश्नांचं तसं नसतं. परीक्षा घेणारी संस्था प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची स्वतः जाहीर करते, मुलं त्यावर हरकती घेतात, मग अंतिम सूची निघते. कधी कधी प्रश्नच चुकीचा निघाला तर सगळ्यांना गुण मिळतात. तूच मला हे गेल्या वर्षी समजावून सांगितलं होतंस, मी ते विसरलेलो नाही. मग जी उत्तरं हरकतींतून तावूनसुलाखून निघाली आहेत, ती आधी संपव ना. जुन्या प्रश्नपत्रिका तर फुकट मिळतात. त्यांच्यासाठी गाईड घ्यायचं ते एवढ्यासाठीच की त्यात प्रश्न विषयवार लावलेले असतात आणि पायऱ्या मांडलेल्या असतात. पायऱ्या गाईडमधल्या बघ, उत्तर मात्र सूचीशी ताडून घे. दोन्ही जुळलं नाही तर पाठ्यपुस्तकात जा, नाहीतर एनपीटीईएलवर त्या विषयाचं व्याख्यान लाव. तिथे आयआयटीचेच प्राध्यापक मुळापासून शिकवतात, त्याला पैसेही पडत नाहीत.

आणि त्या आठांतली दोन अप्पा बळवंत चौकातली जुनी आहेत, हे मी बघितलं. पहिल्या पानावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आहे. जुनं घ्यायला काहीच हरकत नाही, मी डिप्लोमा अख्खा जुन्या पुस्तकांवर केला. पण साल बघून घ्यावं. २०२१ पासून तुमच्या पेपरात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असणारे प्रश्न आले. त्यात सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण, अर्धवटाला काही नाही. त्याआधीच्या गाईडात तसला एकही प्रश्न सापडायचा नाही. स्टीलच्या जुन्या पुस्तकाचं तर आणखी वाईट. स्टीलच्या बांधकामाचा आयएस ८०० हा कोड, त्याची २००७ ची आवृत्ती आली आणि डिझाइन लिमिट स्टेट या नव्या पद्धतीवर गेलं. त्याआधीचं पुस्तक घेऊन बसलीस तर मेहनत करशील ती जुन्या कोडची. आमच्या ऑफिसात हा गोंधळ मी डोळ्यांनी बघितलाय, एकाच टेबलावर दोन कोड आणि दोघंही आपलंच खरं म्हणणार.

जनरल ॲप्टिट्यूडसाठी तू तो ठोकळा घेतलास, तो कशाला? १०० पैकी १५ गुण, १० प्रश्न. तेवढे तर जुन्या पेपरांच्या सरावातूनच होतील. आणि गणितं हातातल्या कॅल्क्युलेटरवर करू नकोस. परीक्षेत पडद्यावरचाच वापरावा लागतो, त्याचा हात बसायला वेळ लागतो. तीन तासांत ६५ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला पावणेतीन मिनिटं, त्यात माउसने एकेक आकडा दाबत...

बघ, पुन्हा सुरू झालो. चूक कबूल करायला बसलो होतो आणि दोन पानं भाषण झालं. तुला हे सगळं ठाऊक आहे. गेल्या फेब्रुवारीत तू नोकरी सांभाळून पेपर देऊन आलीस, मी काय सांगणार? कॅल्क्युलेटरचं सोड.

पण ते ८ सोडवत नाही गं. उत्तर टाइप करायचं असतं त्या प्रश्नांना पर्याय नसतात, चुकलं तर गुण कापत नाहीत. म्हणजे तिथे भिण्यासारखं काहीच नसतं, जे निघालं ते लिहून मोकळं व्हायचं. आणि तिथेच आपलं बरोबर आलेलं आपणच खोडायचं? पर्यायांच्या प्रश्नात एक गुणाला एक तृतीयांश, दोन गुणांना दोन तृतीयांश जातात, तिथे हात आखडला तर समजू शकतो.

यात माझाही हात आहे, तेच मला खातंय. तू दहावीत होतीस. भूमितीचं एक उदाहरण घेऊन माझ्याकडे आलीस. म्हणालीस, अण्णा, गाईडमध्ये वेगळं आलंय, माझं वेगळं आलंय. मी तेव्हा कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीच्या कामात होतो, टेलच्या म्हणजे शेवटच्या गावांत पाणी पोचत नव्हतं, दिवसभर लोकांचे फोन. वर न बघता म्हणालो, छापलंय म्हणजे बरोबरच असणार, तुझंच कुठेतरी चुकलं असेल. तू गुपचूप परत गेलीस. मी ते उदाहरण कधी बघितलंच नाही. कोण बरोबर होतं ते आजही मला माहीत नाही. तुला ते आठवतही नसेल. मला परवा रात्री आठवलं आणि मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा नाही.

आणि त्याच्याही आधीची तू वेगळी होतीस. दुसरीत होतीस. सुट्टीत तुला खोडशीला कालव्यावर घेऊन गेलो होतो, आक्का पाठवायला तयार नव्हती, पोरगी पाण्याच्या काठावर नको म्हणून. त्या दिवशी पाण्याचा वेग मोजायचा मीटर बिघडला होता, म्हणून जुन्या पद्धतीने वेग काढायचा होता. काठावर दोन खुणा केल्या, मध्ये तीस मीटर. वरच्या खुणेशी मी लाकडाचा तुकडा सोडायचा, तो खालच्या खुणेशी आला की तू हात वर करायचा. घड्याळ माझ्याकडे होतं. पण तू काठाने लाकडाबरोबर पळत गेलीस, मोठ्याने आकडे म्हणत. मी म्हटलं, बावीस सेकंद. तू म्हणालीस, नाही, बत्तीस. मी म्हटलं, घड्याळ खोटं बोलत नाही. तू कंबरेवर हात ठेवून उभी राहिलीस आणि म्हणालीस, मी एकही आकडा गाळला नाही, परत सोडा. परत सोडलं. बत्तीस. पहिल्या वेळी मी काटा वाचायला चुकलो होतो. मग पृष्ठभागावरचा वेग ०.८५ ने गुणून सरासरी वेग काढतात ते तुला सांगितलं आणि तू विचारलंस, का? वरचं पाणी जास्त पळतं का? आठ वर्षांच्या पोरीला मी काय सांगणार! तळाशी घासतं म्हणून तिथलं हळू जातं, एवढंच सांगितलं. घरी येऊन तू आक्काला तेच शिकवलंस, ताटातल्या आमटीत बोट फिरवून.

आक्का शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, आमची मनी पूल बांधणार. तुला पाण्याच्या विषयात जायचंय म्हटल्यावर माझा ऊर भरून आला होता, मी तेव्हा बोललो नाही. तू रुडकीच्या आयआयटीचं नाव घेतलंस तेव्हा तर रात्री आईला उठवून सांगितलं मी. ते कॉलेज १८४७ साली निघालं ते गंगेच्या कालव्यासाठी माणसं तयार करायला. कालव्यावर गेज वाचणाऱ्याची पोरगी तिथे शिकेल. शिष्यवृत्तीचे महिन्याला १२,४०० मिळतील न मिळतील, मी बघून घेईन, पेन्शन आहे. यंदा नाही झालं तरी मला चालेल. स्कोअर तीन वर्षं चालतो, पुन्हा परीक्षा देता येते, आणि नोकरी काय, पुन्हा मिळेल. मला त्याची भीती नाही. खरंच नाही. मला भीती वाटते ती तू त्या खोलीत रात्री दोन वाजता एकटी बसली आहेस, तुझं उत्तर बरोबर आलेलं आहे आणि तू खोडरबर शोधते आहेस, याची.

एवढं कर माझ्यासाठी. आठ गाईडांची दोन कर, कुठली ते तूच ठरव, मी बोलणार नाही. प्रश्न सोडवताना उत्तरांची पानं स्टेपल करून टाक, नाहीतर रबर लाव. तुझं उत्तर पेनाने लिही, पेन्सिलने नको. गाईडशी जुळलं नाही तर वेगळ्या वहीत दोन्ही उतरव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघ, रात्री नको. रात्री माणसाला दुसऱ्याचंच खरं वाटतं. आणि कधी अडलंच तर मला फोन कर. पाण्याचं असेल तर मी सांगेन, नसेल तर नुसता ऐकेन. वर बघून ऐकेन.

मेसचं जेवण कसं आहे ते तू आईला बरं सांगतेस आणि नितीनला वाईट. खरं काय ते मला कळव. चिवडा आणि करंज्या तू न घेताच गेलीस, आईने त्या डब्यात तशाच ठेवल्यात, कुणाला हात लावू देत नाही.

तुझे,
अण्णा

ता. क. शेजारचा बंडू सोमवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर निळं पुस्तक आणि डबा पाठवतोय. त्या पानावर मी काहीही लिहिलेलं नाही, फक्त कागदाची खूण घातली आहे. त्याच्या पुढच्या पानावरचा हायड्रॉलिक जंपचा प्रश्न मी दोनदा केला, माझं आणि गाईडचं जुळत नाही. तू करून बघ आणि तुझं काय येतं ते सांग. मी मागचं पान तोवर बघणार नाही.