सॉफ्टवेअरचा बॉक्स नको, नुसती की द्या

संपादक महोदय,

चवथीच्या आधी घर झाडायला काढतो तशी यंदा आम्ही शाळेची कॉम्प्युटर लॅब काढली. मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर शिकवते. लॅबमधलं एक लोखंडी कपाट कित्येक वर्षं कोणी नीट बघितलंच नव्हतं, ते उघडलं तर आत नुसते सॉफ्टवेअरचे बॉक्स, अँटीव्हायरसचे, ऑफिसचे, टायपिंग शिकवायचे, आणि बरेचसे असे की वरची की (सॉफ्टवेअर चालू करायला टाकायचा कोड) लिहिलेली चिठ्ठी तेवढी काढून घेतलीय आणि सीडी पाकिटातून बाहेरही आलेली नाही. मुलांनी बसून मोजल्या, १४३ सीडी निघाल्या.

पुठ्ठा आणि मॅन्युअल भंगारवाल्याने नेलं, सीडी नको म्हणाला. पंचायतीची सुक्या कचऱ्याची गाडी आली तर तिच्यावरचा माणूस म्हणाला, "बाई, हें आमी घेनांत." त्याचंही बरोबर आहे, त्याच्याकडे बाटल्या, पिशव्या, काच, पुठ्ठा असं वेगवेगळं जातं, सीडी तो कशात टाकणार? ई-कचरा न्यायला आले त्यांनी जुने मॉनिटर आणि कीबोर्ड नेले पण सीडीत सर्किट नाही म्हणून त्या तिथेच ठेवून गेले. तेव्हापासून मी हा विषय डोक्यात घेऊन फिरतेय म्हणून हे पत्र.

एक सीडी म्हणजे साधारण १५ ग्रॅम पॉलिकार्बोनेट, १.२ मिलिमीटर जाड. त्यावर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर, त्यावर लॅकर म्हणजे वार्निशसारखा लेप, त्यावर छपाई. पॉलिकार्बोनेट हे वाईट प्लॅस्टिक नाहीच, हेल्मेटची काच आणि चष्म्याची भिंगं त्याचीच करतात, पण वरचे थर काढल्याशिवाय ते परत चांगल्या कामाला येत नाही आणि १५ ग्रॅमसाठी एवढी खटपट कोण करणार. सीडीची ती पारदर्शक डबी, हातातून पडली की तडकते ती, ती पॉलिस्टायरीनची म्हणजे वेगळंच प्लॅस्टिक. बाहेर गुंडाळलेली फिल्म तिसरं. वर चकचकीत लॅमिनेशन केलेला पुठ्ठा. हे सगळं १५ ग्रॅमच्या चकतीसाठी, आणि ती चकतीसुद्धा कशासाठी तर तिच्यावरच्या फाइलींसाठी, ज्यांना वजनच नाही. बॉक्सच्या आत निम्म्याहून जास्त हवाच असते आणि ती हवा ट्रकात भरून घाट उतरून गोव्यात येते.

आमच्याकडे कुळागरात म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत आणि भाजीच्या वाफ्यांवर माकडं, पक्षी येऊ नयेत म्हणून जुन्या सीडी दोरीला बांधून लटकवतात, मीही लटकवल्या होत्या. एक पावसाळा गेला आणि वरचा चंदेरी थर सोलून खाली मातीत पडायला लागला, मिरचीच्या रोपांखाली चकाकणारे कण. काढून टाकल्या. सीडीत तो धातूचा थर छपाईच्या लगेच खाली असतो, वरून फक्त लॅकर, म्हणून ऊन-पावसात टिकत नाही. कोणी अजून लटकवत असेल तर कृपया काढा.

आता कोणी म्हणेल सीडीचा जमाना गेला, हा विषय संपला. नाही संपला. अँटीव्हायरसचा बॉक्स आजही कॉम्प्युटरच्या दुकानात शेल्फवर असतो आणि लोक दरवर्षी नवा बॉक्स घेतात. कारण साधं आहे, ऑनलाइन रिन्यू करण्यापेक्षा दुकानातला नवा बॉक्स बऱ्याचदा स्वस्त पडतो. म्हणजे त्याच कॉम्प्युटरवर तेच सॉफ्टवेअर, ते आधीच डाउनलोड होऊन चालू आहे, अपडेट रोज नेटवरून येतायत, तरी दरवर्षी एक नवा पुठ्ठ्याचा बॉक्स घरी येतो फक्त की साठी. नवीन लॅपटॉपना तर सीडी ड्राइव्हच नसतो. काही बॉक्समध्ये आता सीडी नसते, नुसतं कार्ड असतं, पण बॉक्स तेवढाच मोठा. १ जुलै २०२२ पासून देशात मिठाईच्या बॉक्सवर, आमंत्रणपत्रिकेवर आणि सिगारेटच्या पाकिटावर गुंडाळायची प्लॅस्टिक फिल्म बंद झाली, सॉफ्टवेअरचा बॉक्स त्या यादीत नाही. का नसावा?

एकेकाळी बॉक्सची गरज होती हे मी मान्य करते. २५६ केबीपीएसच्या कनेक्शनवर ७०० एमबीची एक सीडी उतरवायची तर सहा तास लागायचे, मध्ये लाईट गेली की परत पहिल्यापासून. आज गावात फायबर आलंय, तीच फाइल मिनिटांत येते.

आणि डाउनलोड म्हणजे फुकट असंही मी मुलांना सांगत नाही. सर्व्हर, नेटवर्क, आपला राउटर सगळ्याला वीज लागते, आणि गोव्याची जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते, त्यात कोळशावरची भरपूर. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये करून घेतलेल्या अभ्यासात ऑफिस २००७ डाउनलोड केलं तर डीव्हीडीच्या बॉक्सपेक्षा साधारण आठ पट कमी कार्बन असं निघालं होतं. कंपनीनेच करून घेतलेला अभ्यास म्हणून थोडं जपून घ्यावं, पण दिशा पटते. उलट २०१४ मध्ये प्लेस्टेशनच्या गेम्सवर एक अभ्यास छापून आला, त्यात ब्रिटनमधल्या २०१० च्या आकड्यांवरून साधारण ८.८ जीबीची गेम डाउनलोड करण्यापेक्षा डिस्क विकत घेतलेली बरी असं निघालं. म्हणजे फाइल केवढी आहे त्यावर बरंच अवलंबून. त्यानंतर नेटवर्कला एका जीबीमागे लागणारी वीज खूप कमी झालीय, आणि अँटीव्हायरस काही आठ-नऊ जीबीचा नसतो. तरी आमच्या लॅबमध्ये २० मशीन आहेत तर मी तीच फाइल २० वेळा उतरवत नाही, एकदा उतरवते आणि पेन ड्राइव्हने सगळीकडे टाकते. विंडोज १० पासून अपडेटसाठी डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाचं सेटिंग आहे, ते चालू केलं की एका मशीनने घेतलेलं अपडेट शेजारची मशीन तिच्याकडून घेतात. शाळांनी, ऑफिसांनी, सहकारी सोसायट्यांनी हे एवढं जरूर करावं.

दुकानदाराचं नुकसान व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. गल्लीतला कॉम्प्युटरवालाच आपल्या अडीअडचणीला धावून येतो, त्याचं मार्जिन त्याला मिळालंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की त्याने की बिलावर छापून द्यावी नाहीतर व्हॉट्सॲपवर पाठवावी, पैसे तेवढेच घ्यावेत. मी यंदा तसं मागितलं. त्याने माझ्यासमोर बॉक्स फाडला, आतलं कार्ड मला दिलं आणि बॉक्स टेबलाखालच्या टोपलीत टाकला! म्हणाला, मॅडम, डिस्ट्रिब्युटरकडून असंच येतं, मी काय करू. म्हणजे हे दुकानदाराच्या पातळीवर सुटणार नाही, कंपन्यांनी दुकानदारांना नुसत्या की द्यायला हव्यात आणि शाळा, पंचायती, सरकारी खाती कोटेशन मागवताना "बॉक्स नको, लायसन्स ईमेलवर" ही एक ओळ घालतील तर कंपन्या ऐकतील, कारण घाऊक खरेदी तिथूनच होते. आमच्या हेडमास्तरांनी पुढच्या कोटेशनपासून ती ओळ घालायचं कबूल केलंय.

त्या १४३ सीडी अजून लॅबच्या कोपऱ्यात पोत्यात बांधून ठेवल्यात. जाळणार नाही, पुरणार नाही. गोव्यात सीडी खरोखर रिसायकलिंगला घेणारं कोणी आपल्या वाचकांपैकी कोणाला माहीत असेल तर याच सदरात कळवावं, मी स्वतः नेऊन देईन.

आपली,
एक शिक्षिका, डिचोली