खिलार बैल विलायती का दिसतो?

मा. संपादक,
स. न.

सदरा-धोतर नेसलेला बोलका बैल, चष्मा लावून हिशेब मांडणारी म्हैस, टपरीवर राजकारण झोडणारा बोकड असे एआयने केलेले छोटे व्हिडिओ सध्या सांगली-साताऱ्यात मोबाइलवर रोज फिरताना दिसतात. कल्पना झकास आहे. प्राण्याच्या तोंडून माणसाला चार शब्द सुनावण्याची आपली रीत जुनीच. पण त्यातला बैल जरा नीट पाहा. आखूड, बाहेर वळलेली शिंगे, रुंद कपाळ, बसकी मान. माणदेशातला कुणीही शेतकरी सांगेल, हा खिलार नव्हे. तो तासगावच्या बेदाण्यावर बोलत असतो आणि मागे दिसते ती डोंगरउतारावरची युरोपातली द्राक्षबाग. करणारे लोक सॉफ्टवेअरला बोल लावतात. आमच्या मते दोष तिथे अर्धाच आहे. उरलेला पूर्वतयारी न करण्यात आहे.

ही साधने इंटरनेटवरच्या चित्रांवर शिकलेली असतात आणि त्या ढिगात विलायती जनावरांचीच गर्दी. म्हणून ‘खिलार बैल’ एवढे नाव लिहून भागत नाही, आकार लिहावा लागतो: पांढरा ते करडा-पांढरा रंग, लांबट निमुळते तोंड, लहान टोकदार कान, बेताचे वशिंड आणि बुडाशी जवळजवळ उगवलेली, आधी मागे जाऊन मग कमानीत वर चढणारी लांब अणकुचीदार शिंगे. शिंगांचे वर्णन सर्वांत आधी व सविस्तर हवे, कारण जातीची ओळख तिथेच पटते. तरीही शब्द अपुरे पडतात; सोबत फोटो द्यावाच लागतो. आटपाडी किंवा म्हसवड भागात मालकाला विचारून एकाच बैलाचे तीन फोटो घ्या: समोरून, पाऊण वळलेला आणि पूर्ण बाजूने. मोबाइल बैलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. उभ्या माणसाच्या उंचीवरून घेतलेल्या फोटोत कपाळ मोठे आणि तोंड आखूड येते, मग एआयही तसाच बैल काढतो. ०.५ची रुंद लेन्स वापरू नका, ती नाकपुड्या फुगवते. चार पावले मागे जाऊन २ पट झूमवर घ्या. शिंगांमागे झाड नको, मोकळे आभाळ हवे. भर दुपारच्या उन्हात पांढरी कातडी भाजल्यासारखी सपाट दिसते, म्हणून सकाळ गाठा.

या फोटोंवरून लगेच व्हिडिओ करायला धावू नये. आधी पात्राचे स्थिरचित्र पक्के करावे. चित्राला व्हिडिओच्या मानाने फारच कमी क्रेडिट (साधन वापरण्यासाठी मिळणारे किंवा विकत घेतलेले गुण) जातात, त्यामुळे चुका तिथेच होऊ द्याव्यात. साधी करडी पार्श्वभूमी, सावली नाही, पात्र दोन पायांवर उभे. समोरून, पाऊण आणि बाजूने असे तीन देखावे एकाच वेशात. हाच पुढच्या सगळ्या कामाचा नमुना. या टप्प्यावर बैलाला माणूस किती करायचे ते ठरवावे लागते. हाताला खूर ठेवलेत तर चहाचा ग्लास धरताना तो खुरात वितळतो. पाच बोटे दिलीत तर बैलाचा मुखवटा घातलेला माणूस वाटतो. दोन-तीन जाड, खुरासारख्या टोकांची बोटे हा मधला मार्ग बरा, आणि ग्लास शक्यतो टेबलावरच राहू द्यावा. टोपीचा मोह तर सगळ्यांनाच होतो. पण खिलाराची शिंगे नेमकी टोपीच्या जागी असतात. गांधी टोपी एका दृश्यात शिंगांच्या पुढे, दुसऱ्यात मागे, तिसऱ्यात शिंगे टोपी फाडून वर आलेली. फेटा सांगावा तर बहुतेक वेळा राजस्थानी साफा येतो. त्यापेक्षा गळ्यात उपरणे घाला. घुंगरमाळही नको: दर तुकड्यात घुंगरांची संख्या बदलते आणि पाहणाऱ्याचे डोळे तिथेच अडकतात. एक मोठी घंटा पुरे.

मागचे ठिकाणही असेच फोटोवरून घ्यावे. ‘द्राक्षबाग’ एवढेच न लिहिता ‘डोक्याच्या उंचीवर तारांचा मांडव, खाली लोंबणारे घड, लाल-काळी सपाट जमीन’ असे लिहिले की निम्मे काम होते. बेदाण्याच्या शेडचा फोटो नसेल तर ते दृश्य सरळ वगळावे. जाळीचे मजले आणि त्यांवर पसरलेली द्राक्षे एआयला स्वतःहून सुचत नाहीत.

आता हलते चित्र. मे २०२५ मध्ये आलेले गुगलचे व्हिओ ३ एका वेळी आवाजासह ८ सेकंदांचा तुकडा देते. इतर साधनांतही तुकडा काही सेकंदांचाच असतो. यातले सुरुवातीचे अर्धे सेकंद आणि शेवटचे सेकंदभर बहुधा टाकावे लागते. ४५ सेकंदांच्या व्हिडिओसाठी साडेचार सेकंदांची दहा दृश्ये धरा. एका चांगल्या तुकड्यामागे तीन प्रयत्न धरले तर ३० वेळा, म्हणजे २४० सेकंदांचे क्रेडिट लागणार. हे गणित न करता बसलेल्यांचे क्रेडिट सहाव्या दृश्यातच संपते. एका तुकड्यात एकच हालचाल सांगा. ‘बैल चालत येतो, बसतो, चहा पितो आणि हसतो’ असे लिहिले की चौथ्या सेकंदाला तो खुर्चीत बुडतो. दोन पायांवरच्या बैलाची चाल तर फसतेच, पाय जमिनीवरून घसरतात. कमरेपासून वरचे दृश्य घेतले की प्रश्न मिटतो. दृश्याचे वर्णन इंग्रजीत केल्यास साधन जास्त नीट पाळते, संवाद मात्र देवनागरीत द्यावा. पात्राचे वर्णन प्रत्येक वेळी शब्दशः तेच चिकटवावे. ‘करडा-पांढरा’च्या जागी एकदा ‘पांढराशुभ्र’ लिहिले तरी बैल बदलतो.

एका तुकड्याची शेवटची चौकट (फ्रेम) घेऊन पुढचा तुकडा सुरू करण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. दोनदा चालते. तिसऱ्या-चौथ्या वेळी रंग भडक होतात, कातडी प्लॅस्टिकसारखी चमकते आणि शिंगे हळूहळू आखूड होत जातात, कारण आधीच्या तुकड्यातली चूक पुढच्याला खरी वाटते. दर दोन तुकड्यांनंतर मूळ नमुन्याकडे परत यावे.

सगळ्यात जास्त हसे होते ते बोलण्यात. ८ सेकंदांत मराठीची १२ ते १५ शब्दांचीच वाक्ये नीट बसतात. २५ शब्द कोंबले की बैल लिलाव पुकारल्यासारखा बोलतो. साधनाने स्वतः दिलेल्या मराठीला बऱ्याचदा हिंदीचा वास येतो: ळ चा ल होतो आणि च-ज सरसकट एकाच तऱ्हेचे. ‘चार चाकं’ या दोन शब्दांतला च वेगवेगळा आहे हे यंत्राला कोण सांगणार? म्हणून आवाज माणसाचाच घ्यावा, तोही इथल्याच माणसाचा. ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘काय लगा’ हे लिहून देऊन यंत्राकडून वदवता येते, पण हेल येत नाही. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरून, पंखा बंद करून, कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बोलले तरी आवाज स्वच्छ येतो. मग ओठांचा मेळ. ओठ जुळवणारी बहुतेक साधने माणसाचा चेहरा शोधतात. लांब मुस्कट दिसले की एकतर नकार देतात किंवा बैलाच्या नाकाखाली माणसाचे ओठ चिकटवतात. चूक सर्वांत उघडी पडते ती प, फ, ब, भ, म वर, कारण या अक्षरांना ओठ मिटलेले दिसायला हवेत. यावर उपाय साधे आहेत. बोलताना पात्र पाऊण वळलेले ठेवा, वाक्याच्या मधोमध ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जा, किंवा बैलाला सरळ रवंथ करू द्या आणि बोलणे त्यावर टाका. रवंथाच्या लयीत आवाज बसला की तो बोलतोय असे खुशाल वाटते, आणि ते शोभतेही.

पाट्यांवरची मराठी अक्षरे एआयकडून काढून घेऊ नयेत. जोडाक्षरे आणि वेलांट्या मोडतात. पाटी कोरी मागवा, मजकूर संकलनात युनिकोड फॉन्टने टाका. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तिथे चिकटवला तर फक्त चित्रविचित्र खुणा उमटतात.

लेबलाबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. एआयने केलेल्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या दृकश्राव्य मजकुरावर ठळक खूण असावी असा माहिती तंत्रज्ञान नियमांतला बदल २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू आहे. उपरणे घातलेला बैल कुणी खरा मानणार नाही हे मान्य. पण त्याच व्हिडिओत उसातून जाणारा हुबेहूब बिबट्या असला आणि तेवढाच तुकडा कापून शिराळा किंवा कराडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरला तर रात्री गाव जागे राहते. म्हणून ‘एआय निर्मित’ ही अक्षरे शेवटच्या पाटीवर न ठेवता प्रत्येक चौकटीत, डावीकडे वरच्या बाजूला ठेवावीत. खालचा पाचवा हिस्सा आणि उजवी कड ॲपच्या बटणांखाली जाते. औषध फवारणीचे प्रमाण बैलाच्या तोंडी घालताना तर दुप्पट काळजी हवी. संहिता एआयने लिहिली असेल तर त्यातला प्रत्येक आकडा डब्यावरच्या माहितीपत्रकाशी किंवा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीशी ताडून पाहावा. बैल गोड बोलतो म्हणून मिलीलिटर बरोबर ठरत नाही.

एक विनंती आपल्याकडेच आहे. खिलारांच्या जत्रा, सांगलीचे हळदीचे सौदे, तासगावची शेडे, कासची फुले यांचे वर्षानुवर्षांचे फोटो आपल्यासारख्या दैनिकांच्या संग्रहात असतात. ते विनापरवाना उचलून एआयला देणे योग्य नाही आणि आम्ही तसे सुचवतही नाही. पण छायाचित्रकारांची संमती घेऊन, श्रेयनामाच्या अटीवर, निवडक शंभर-दोनशे फोटो शाळा, ग्रंथालये व शेतकरी गटांना बिगरव्यापारी कामासाठी खुले करता येतील का, याचा विचार व्हावा. प्रत्येक फोटोखाली जनावराची जात, गाव आणि महिना एवढे लिहिलेले असले तरी पुष्कळ.

आपले,
छोट्या व्हिडिओंचे संकलन करणारे काही वाचक,
विश्रामबाग, सांगली