सात बटणांबद्दल आभार

प्रिय ताई,

त्या दिवशी तुम्ही वर्गात मागे सतरंजीवर येऊन बसलात, तेव्हा खरं सांगू? वाटलं, आता चुका निघणार. टाचणवहीत ‘उद्दिष्ट’ या रकान्यात मी लिहिलं होतं: ‘बटणं मोजणे, गप्पा.’ ते वाचून तुम्ही एवढंच म्हणालात, “हे तुम्ही काय करून घेणार ते झालं. मुलांना काय उमगायला हवंय?” मी म्हटलं, “दहापर्यंत मोजता यायला हवं.”

तुम्ही वाद घातला नाहीत. घडाघडा मोजणाऱ्या एका मुलीपुढे सात बटणं मांडलीत. एकेका बटणावर बोट ठेवत तिने अचूक सातपर्यंत मोजलं. “मग किती बटणं आहेत?” तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. परत विचारलंत, तिने परत मोजलं. आकडे बरोबर, बोट बरोबर. पण शेवटचा ‘सात’ म्हणजे सगळी मिळून सात, हे तिच्या गावीही नव्हतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडलेली मोजणीची पाच तत्त्वं मला तोंडपाठ होती. परीक्षेपुरती!

घरी जाऊन रकाना खोडला आणि लिहिलं: ‘शेवटी म्हटलेला आकडा सगळ्या वस्तूंची संख्या सांगतो, हे कळावं.’ वाक्य रुक्षच आहे. पण त्यातून प्रश्न आपोआप सुचले. पूर्वी ‘शाब्बास, आता तू मोज’ यापुढे माझी गाडी जात नसे. आता मोजून झालं की मी बटणं हातांखाली झाकते. “न बघता सांगा, किती?” कुणी सात म्हणतं, कुणी “खूप!” मग “तुला कसं कळलं?” यावर चांगली जुंपते. परवा बटणं लांब लांब मांडल्यावर एकाने ठामपणे “आता नऊ झाली” सांगितलं. लगेच त्यावर बोलायचा मोह झाला, पण ते पुढच्या दिवसाच्या रकान्यात टाकलं.

एक मात्र तुमचं ऐकत नाही. मुलं भरकटली की लगेच मुद्द्यावर आणा, असं तुम्ही म्हणाला होतात. त्याच मुलीने काल मध्येच “माझ्या फ्रॉकलापण बटणं आहेत” म्हणून सुरू केलं. मी बोलू दिलं. तिने मान खाली घालून बोट फिरवलं, “एक, दोन, तीन, चार. चार आहेत.”

‘किती?’ असं तिला कुणी विचारलंही नव्हतं, ताई.

तुमची,
बालवर्गाची बाई