व्यासपीठ खाली आणा

दिवाळी जवळ आली की दिव्यांग मुलांच्या शाळांसाठी निधी जमवायला सिने-मालिकांतले कलाकार बोलावतात. गर्दी होते, मुलांनी रंगवलेल्या पणत्या, उटण्याच्या पुड्या हातोहात खपतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण व्यासपीठ ३ फूट उंच! १:१२ उताराच्या निकषाने (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) त्याला ३६ फुटांचा रॅम्प हवा. मंडपवाला ६ फुटांची फळी टाकून मोकळा होतो आणि मुलाला व्हीलचेअरसकट चौघे जण वर उचलतात, तेही फोटोपुरतं. त्यापेक्षा पाहुण्यांनाच खाली सतरंजीवर बसवा.

स्वमग्न मुलांपैकी अनेकांना ढोल-फटाके सहन होत नाहीत, लुकलुकत्या दिव्यांनी काही अपस्मारग्रस्त मुलांना झटका येऊ शकतो. शेजारची एक खोली शांत ठेवावी. पाहुण्यांची वाट पाहता पाहता औषधाची, शौचाची वेळ टळते. मुलांचा कार्यक्रम ठरल्या वेळीच सुरू करावा, सेलिब्रिटी आले तर आले. फोटोआधी पालकांची लेखी संमती हवीच.

आणि हो, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरातली (८०जीची) सवलत मिळत नाही, तेव्हा दात्यांकडून चेक किंवा यूपीआयनेच रक्कम घ्यावी.

– एक विशेष शिक्षिका, ठाणे