१ जानेवारी हे ख्रिश्चनांचं धार्मिक नववर्ष नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर संपत आला की १ जानेवारी म्हणजे 'ख्रिश्चनांचं नवीन वर्ष' असे फॉरवर्ड फिरायला लागतात, आता तर बातम्यांतही तसंच सर्रास छापून येतं, आणि थर्टी फर्स्टला किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत जो धिंगाणा होतो, दारू पिऊन गाड्या हाणतात, तोही मग आपोआप आमच्या समाजाच्या नावावर जातो. मी वसईत चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. मुलंसुद्धा विचारतात, टीचर, आपलंच नवीन वर्ष ना, मग त्या रात्री पार्टी सोडून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कशाला जायचं? म्हणून लिहितेय.

१ जानेवारीला वर्ष सुरू करायची पद्धत रोमन लोकांची. ज्युलियस सीझरचं कॅलेंडर इ.स.पू. ४५ मध्ये लागू झालं ते १ जानेवारीपासूनच, तेव्हा येशूचा जन्मही व्हायचा होता. पुढे पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ते दुरुस्त केलं, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरला, पण तेही ईस्टरचं, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाचं, गणित ऋतूंपासून सरकत चाललं होतं म्हणून. ईस्टर आम्ही चंद्र बघूनच धरतो, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी चर्चच्या गणिताची पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, त्यामुळे तो कधी मार्चमध्ये येतो तर कधी पार २५ एप्रिलपर्यंत जातो. पंचांग बघणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे लगेच समजतं.

चर्चचं वर्ष सुरू होतं आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या आधीचा चौथा रविवार, नोव्हेंबरची अखेर नाहीतर डिसेंबरची सुरुवात. त्याच्या आदल्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण, पोप अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये सुरू केलेला, आणि त्या आठवड्याबरोबर जुनं वर्ष संपतं. मग रविवारी वाचायची शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, हीही बदलतात, एक वर्ष मुख्यतः मत्तय, मग मार्क, मग लूक.

आगमनकाळात फटाके नाहीत की गोडधोड नाही, तो येशूच्या जन्माची वाट बघण्याचा काळ. फादर जांभळी वस्त्रं घालतात, रविवारच्या मिस्सामध्ये ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत, वेदीजवळ चार मेणबत्त्यांचं चक्र असतं, दर रविवारी एक पेटवायची, त्यातली तिसरी गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार. घरोघरी मुलं करवंट्यांत नाचणी पेरतात, २४ तारखेपर्यंत बोटभर हिरवी वाढते, ती येशूच्या गोठ्यात मांडायची. गव्हाण मात्र रिकामीच, बाळ येशू मध्यरात्रीच्या मिस्सानंतरच ठेवायचा. मला स्वतःला नाताळपेक्षाही ही रिकामी गव्हाण जास्त जवळची वाटते.

आमच्यातलेही बरेच जण हे विसरत चाललेत हे मान्य करायलाच हवं. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात केक कापून 'ख्रिसमस पार्ट्या' होतात आणि २६ ला चांदण्या उतरतात. खरं तर नाताळकाळ तेव्हा नुकता सुरू झालेला असतो, तो जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. १ जानेवारी हा त्यातलाच नाताळचा आठवा दिवस, पवित्र मरिया देवमातेचा सण. आठव्या दिवशी बाळाचं नाव येशू ठेवलं हे लूकचं शुभवर्तमान त्या दिवशी वाचतात, आणि १९६८ पासून पोप सहावे पॉल यांच्या सांगण्यावरून तोच दिवस जागतिक शांती दिन म्हणूनही पाळतात. आदल्या रात्रीची मिस्सा असते ती सरत्या वर्षाचे आभार मानायला, मुलांना मी हेच उत्तर देते.

जानेवारीचं नवीन वर्ष सगळ्यांचंच आहे, ते सगळ्यांनी मजेत करावं, फक्त ते एका धर्माच्या गळ्यात बांधू नका एवढंच म्हणणं आहे. आणि यंदा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आपला बातमीदार आणि फोटोग्राफर वसईतल्या कुठल्याही चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला पाठवा, पहिली मेणबत्ती पेटवतानाचा फोटो छापा, फादर आणि गावकरी सगळी माहिती द्यायला तयार असतात.

आपली नियमित वाचक,
वसई, जि. पालघर