दुष्काळी सवलतींत मेंढपाळालाही धरावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुष्काळ जाहीर झाल्यावर शासन ज्या सवलती देते, त्या जमीन, पंप आणि कर्ज असलेल्या माणसासाठीच बेतलेल्या आहेत. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्यातील 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आमचा सांगोला तालुका होता. जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सवलत या गोष्टींचा माझ्यासारख्या शेतकऱ्याला आधारच झाला. परंतु माझ्याच शिवेला लागून राहणाऱ्या, शंभरभर मेंढरांवर संसार चालवणाऱ्या धनगर कुटुंबाच्या पदरात मुलांच्या परीक्षा शुल्काच्या माफीपलीकडे फारसे काही पडले नाही. रोजगार हमीचे निकष शिथिल झाले खरे, पण गावात काम निघते तेव्हा हे कुटुंब कळपामागे दुसऱ्या जिल्ह्यात असते.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पावसाने महिनाभर दडी मारली आणि माळावर गवत उगवलेच नाही. मेंढपाळाचा दुष्काळ तेव्हाच सुरू झाला होता. मेंढरे खंगू लागली की कोकरे जगत नाहीत, आणि मग हाती काहीतरी यावे म्हणून आठवडे बाजारात मिळेल त्या भावाने कळप कमी करावा लागतो. सगळेच विकायला आल्याने भाव आणखी पडतो. घोषणा झाली ती दिवाळीच्या तोंडावर, मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळपासह फिरणारे तांडे, पश्चिमेकडे निघण्याच्या बेतात असताना. पिकांची पाहणी होते तशी या नुकसानीची नोंद कोणी करत नाही, कारण विकलेले मेंढरू कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

जे वाटेत मरते त्याचीही तीच गत. आपत्तीत दगावलेल्या जनावरांसाठीच्या मदतीत 2023 मध्ये मेंढीमागे 4000 रुपये आणि कुटुंबामागे 30 मेंढ्यांची मर्यादा होती. परमुलखात पंचनाम्यासाठी पशुवैद्यकाची वाट पाहत बसायचे, की उरलेला कळप चाऱ्यापाण्यापर्यंत पोचवायचा? कोणताही मेंढका दुसरा मार्ग धरील.

2018-19 च्या दुष्काळात चारा छावण्या मुख्यतः गाई-म्हशी आणि बैलांसाठी निघाल्या. मेंढरांचा विचार उन्हाळा निम्मा सरल्यावर झाला. शिवाय मेंढरू हे दावणीला बांधून पोसायचे जनावर नव्हे. त्यामुळे छावणीपेक्षा चाऱ्यासाठीची रोख रक्कम थेट मेंढपाळाच्या खात्यात जमा करणे अधिक उपयोगी ठरेल, आणि ती कळप विकायला लागण्यापूर्वी, म्हणजे पावसाचा मोठा खंड पडताच मिळाली पाहिजे. मेंढ्यांच्या कानातील बिल्ल्याची नोंद ग्राह्य धरली, तर कळप कोणत्याही तालुक्यात असला तरी लसीकरण, औषधे आणि पंचनामा तेथेच होऊ शकेल. रोजगार हमीतून गायरानांवर पवना, मारवेलसारख्या गवतांची लागवड करून ती टिकवण्याचे कामही घ्यावे. त्याचा लाभ गावच्या गुरांनाही होईल.

शेतकरी असून मी हे का लिहितो, असे कोणी विचारील. माझ्या मुरमाड रानात मेंढरे बसवली, त्या लेंडीखताचा गुण मला पुढच्या ज्वारीत दोन-दोन वर्षे दिसतो. त्या बदल्यात आम्ही धान्य देतो, पैसे देतो. दुष्काळात माझ्याकडे धान्य नसते आणि त्यांच्याकडे मेंढरे उरत नाहीत, म्हणजे दोघांचाही आधार एकदमच तुटतो. शेतकऱ्याला सावरताना मेंढपाळ बुडाला, तर पुढच्या वर्षी माझ्या रानाला खत कोठून येणार?

ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 21 व्या पशुगणनेत भटकंती करणाऱ्या पशुपालकांच्या जनावरांची प्रथमच स्वतंत्र नोंद घेण्याचे ठरले. ती आकडेवारी महसूल आणि पशुसंवर्धन खात्याने तालुकानिहाय समोर ठेवावी आणि पुढचा दुष्काळ जाहीर होण्याआधी सवलतींच्या आदेशात मेंढपाळांसाठी स्वतंत्र कलम घालावे, अशी माझी आपल्या पत्रामार्फत शासनाला विनंती आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. सांगोला, जि. सोलापूर